भाच्यावर हात

घोडी तळ्याच्या मधोमध रुतली होती. तळं म्हणायचं एवढंच. पाणी जूनपासूनच आटत चाललं होतं आणि ऑगस्टात मधे नुसता काळा गाळ उरला होता. पाण्याच्या वासाने ती आत गेली आणि पोटापर्यंत खचली.

रँचच्या मालकाने, कैरातने, तिच्या छातीभोवती पट्टा आवळला. त्याचा मुलगा येरलान ट्रॅक्टरवर बसला. त्र्यंबक मांड्यांपर्यंत गाळात उभा राहून तिची मान वर धरून होता. घोडी किंचाळत होती. घोडं असं ओरडतं हे त्र्यंबकला ठाऊक नव्हतं. वर्ध्याकडे त्याच्या गावात बैल रुतला तर मुकाट डोळे फिरवायचा.

"हळू!" कैरात ओरडला. "हळू घे, गाढवा!"

येरलानने क्लच सोडला तो झटक्यात. घोडी बाहेर आली, पण मागचा एक पाय गाळात अडकून राहिला होता. त्याचा आवाज तिघांनीही ऐकला. वाळकी तुराटी मोडावी तसा.

काठावर ती तीन पायांवर उठायला बघायची आणि पडायची. चौथा पाय नुसता कातड्याला लोंबत होता. कैरात पिकअपमधून रायफल घेऊन आला.

"मान सोड, त्रिम्बेक."

त्र्यंबक हे नाव त्याच्या जिभेवर बसत नव्हतं. त्याने त्याचं त्रिम्बेक केलं होतं. असं नाव कझाक माणसालाही शोभलं असतं, म्हणे.

"सोड म्हणतो ना!"

त्र्यंबकने मान सोडली नाही. दोन्ही हातांनी धरून बसला होता, तिचा गरम श्वास त्याच्या छातीवर येत होता. शेवटी कैरातने त्याला सदऱ्याला धरून मागे ओढलं, खाली पाडलं आणि गोळी घातली. रक्ताचा सपका त्र्यंबकच्या गळ्यापर्यंत उडाला.

"तुझ्यामुळे तिला एवढा वेळ जास्त दुखलं," कैरात म्हणाला. मग पोराकडे वळला आणि कानशिलात वाजवली. येरलान तिशीला आलेला. त्याने गाल चोळला, मेलेल्या घोडीच्या पायांना साखळी बांधली आणि ट्रॅक्टर चालू केला.

त्र्यंबकने एवढे महिने बघितलं होतं. कैरात पोराला मारी, कुत्र्याला मारी, एकदा दाराची फळीसुद्धा लाथेने मोडली होती. त्र्यंबकवर मात्र त्याने कधी हात उचलला नाही. ओढलं, पाडलं, पण मारलं नाही.

फेब्रुवारीत त्याची बायको सुमित्रा गेली. परदेशात, अर्विंगला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, दुपारचा चहा टाकताना. नंतर मुलगा निमिष आणि सून हिमानी कामावर, नात आन्या शाळेत आणि त्र्यंबक त्या शेगडीसमोर. रडू आलं नाही. लोक आले, काका काका करत सोफ्यावर बसले, जेवून गेले. मार्चमध्ये आन्याला घोड्यावर बसवायला म्हणून निमिष सगळ्यांना या रँचवर घेऊन आला. परत निघताना त्र्यंबक गाडीत बसलाच नाही. भिंतीला टेकवलेलं फावडं उचलून तो लीद काढत होता.

कैरात हसला होता. म्हणाला, राहू दे त्याला.

राहिला तो राहिलाच. तबेल्याला लागून खोली होती, खाट होती. आपा, म्हणजे कैरातची म्हातारी आई, दोन्ही वेळा जेवायला वाढी. निमिषचा फोन येई.

"बाबा, वीकेंडला तरी घरी या ना. लोक विचारतात यार, बाबा कुठे आहेत म्हणून. काय सांगू?"

"सांग, घोडे राखतो."

"बाबा, प्लीज. जोक नका करू."

"जोक नाही रे. घोडेच राखतो."

घोडीला खड्ड्यात ढकलून माती लोटून ते परत आले तेव्हा अंगणात एक पिकअप उभा होता, मागे घोडे न्यायचा ट्रेलर जोडलेला. एक उंच, देखणा पोरगा बॉनेटला टेकून सिगारेट ओढत होता. त्याला बघताच कैरातचे पाय थबकले. मग तो पुढे गेला आणि दोन्ही हात पसरून त्याने पोराला छातीशी धरलं. अंगावर घोडीचं रक्त तसंच.

"कोण रे हा?" त्र्यंबकने विचारलं.

"दाउलेत," येरलान म्हणाला आणि थुंकला. "आमचा झियेन. माझ्या आत्याचा मुलगा."

"म्हणजे भाचा."

"काय म्हणता तुम्ही?"

"भाचा. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो."

येरलान हसला, पण चेहरा हसला नाही. "पाया पडून भागलं असतं तर बरं होतं."

बकरं कापलं. त्र्यंबकने पाय धरले, येरलानने सुरी चालवली. उन्हात कातडं पटकन सुटत नव्हतं, माशा नाकातोंडात जात होत्या. आपाने मोठ्या परातीत पिठाच्या उकडलेल्या चौकोनी पापड्या पसरल्या आणि वर मांसाचा ढीग लावला. दाउलेतला दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. आपा त्याच्या गालावरून हात फिरवी आणि स्वतःच्या ओठांना लावी. मेलेल्या लेकीचा एकच मुलगा.

जेवण होईपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही. मग दाउलेतने हात पुसले.

"मामा, तोरीला न्यायला आलोय."

येरलानच्या हातातलं हाड परातीत पडलं. तोरी हा त्यांचा वळू घोडा. लालसर तपकिरी, मानेवर काळी आयाळ. आसपासच्या रँचवरून घोड्या त्याच्याकडे लावायला येत. पावसाने तोंड फिरवल्यापासून गवत विकत, पाणी विकत. घर चालत होतं ते त्या एका घोड्यावर.

"तोरीच का?" कैरातने विचारलं.

"ओक्लाहोमात शर्यतीला लावीन. तिथे माणूस बघून ठेवलाय."

"शर्यतीला? तो शर्यतीचा घोडा नाही. दोन वेळा पळवशील आणि पायातून जाईल."

"मग जाईल."

"तीन घोड्या ने. चांगल्या बघून ने."

"मी घोड्या मागितल्या का?" दाउलेत आजीकडे वळून कझाकमध्ये काहीतरी बोलला. आपाने डोळे मिटले. मग एकच शब्द बोलली.

"काय म्हणाली?" त्र्यंबकने हळूच विचारलं.

"दिला म्हणाली," येरलान दात आवळून म्हणाला. "आईच्या माणसांकडून झियेनने तीनदा काहीही मागावं. नाही म्हणता येत नाही. पहिल्यांदा आजोबांचं खोगीर नेलं. मग माझा पिकअप. तो बघा, बाहेर उभाय तो. माझाच."

दाउलेत हे ऐकून हसला. "उन्हं उतरली की फार उशीर होईल. सकाळी थंडाव्यात भरतो त्याला."

संध्याकाळी कैरात आणि त्र्यंबक टाकीचं पाणी हौदात सोडत होते. पाइपातून पाणी यायचं ते करंगळीएवढं. घोडे एकमेकांना चावत, लाथा घालत हौदाशी दाटले होते. कैरात चाबकाने त्यांना पांगवत होता. लाकडी मुठीचा आखूड, विणलेला चाबूक, त्याला ते कामची म्हणत.

"तो घोडा गेला की हे सगळं गेलं," कैरात म्हणाला. "हिवाळ्याच्या आधी जनावरं विकावी लागतील. आईला घेऊन मी कुठे जाऊ? ट्रक चालवू या वयात?"

"समजावून सांग पोराला."

"समजावलं. तू ऐकलंस." कैरातने एका घोड्याच्या नाकावर चाबूक मारला. "त्याला चोपला पाहिजे. एकदा चांगला चोपला ना, की पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाही. पण मला हात लावता येत नाही. येरलानलाही नाही. आमच्या नैमान कुळातल्या कुणालाच नाही. आम्ही त्याच्या आईची माणसं. झियेनवर हात टाकला की तो हात थरथरायला लागतो, मरेपर्यंत. माझ्या बापाने टाकला होता. चहाची वाटी धरता येईना त्याला. मी भरवायचो."

त्र्यंबकने पाइप दुसऱ्या हौदात टाकला.

"तू नैमान नाहीस, त्रिम्बेक," कैरात म्हणाला.

"नाही."

"तो बापाकडून अर्गीन कुळाचा. तू अर्गीनही नाहीस. तू कुणाचाच नाहीस."

त्र्यंबकला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पाइप हातात तसाच राहिला आणि पाणी त्याच्या बुटांवर सांडत राहिलं.

"वेडा आहेस का तू? मी सांगितलं ना, आमच्याकडे भाच्याला नमस्कार करतात."

"तू त्याचा मामा आहेस का?"

"नाही, पण..."

"मग? तुझा हात नाही थरथरणार. कुणाचं काही मोडत नाही त्यात. सहा महिने जेवतोयस. मी काही मागितलं कधी?"

"मी हे नाही करणार, कैरात."

"नको करू," कैरात म्हणाला. "पाणी वाया चाललंय तुझं."

सकाळी ऊन वर यायच्या आधीच दाउलेतने तोरीला बाहेर काढलं. घोड्याला ट्रेलर माहीत नव्हता. फळीवर पाय टाकला की तो फुरफुरत मागे सरे. दाउलेतने नाकावरून साखळी घेतली आणि हिसडा दिला. पुन्हा दिला. नाकाच्या हाडावर कातडं फाटून रक्त आलं.

कैरात तबेल्याच्या दारात उभा होता, दोन्ही हात पाठीमागे. येरलान ट्रॅक्टरवर. कुणी जागचं हललं नाही.

त्र्यंबक फावड्याने लीद ओढत होता. "अरे, साखळी काढ," तो म्हणाला. "दाणा दाखव, येईल तो."

"तू तुझी लीद बघ, मलाय."

मलाय म्हणजे गडी. तो शब्द त्र्यंबक इथे येऊन शिकला होता. गडी म्हटल्याचं त्याला काही वाटलं नाही.

"साखळी काढ रे. डोळ्यात जाईल त्याच्या."

दाउलेत वळला. "येरलान सांगत होता तुझी बायको मेली म्हणून. म्हणून इथे शेण उचलायला आलास? पोराच्या घरी जागा नाही? की म्हातारीला तूच मारलंस आणि लपलायस?"

गंमत म्हणून बोलला तो. दात दिसत होते.

फावड्याचा दांडा पहिल्यांदा त्याच्या कोपरावर बसला. साखळी सुटली. घोडा उधळून कुंपणाकडे गेला. दाउलेत "ए!" एवढंच म्हणाला आणि दुसरा फटका जबड्यावर बसला. तो गुडघ्यांवर आला. त्याने हात वर केला, तर दांडा बोटांवर पडला. त्र्यंबक अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि जन्मात त्याने कुणाला चापटही मारली नव्हती. आता हात आपोआप वर जात होते आणि खाली येत होते. कुदळ मारावी तसे, लयीत. पाठीवर. बरगड्यांवर. पोरगा पालथा पडून मातीत नखं रोवत होता आणि त्र्यंबक मारत होता. कानात काही येत नव्हतं. दांडा चिरला, त्याची सळ तळहातात घुसली, तरी मारत होता.

कैरात दारात उभाच होता. त्याने एवढं मागितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

थांबवलं आपाने. म्हातारी अनवाणी धावत आली आणि नातवाच्या अंगावर आडवी पडली. दांडा वर गेलेला तसाच राहिला. तिने वर बघितलं. तिच्या पांढऱ्या रुमालावर नातवाच्या तोंडातलं रक्त लागलं होतं. ती नुसती बघत राहिली.

येरलानने दाउलेतला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. जबडा दोन ठिकाणी मोडला होता, बोटं मोडली होती, बरगडी मोडली होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दाउलेतने मोडक्या हाताने कागदावर वेडंवाकडं लिहिलं, घोडा. म्हाताऱ्या गड्याने मारलं हे लिहायला त्याला लाज वाटली असणार.

त्या रात्री त्र्यंबकला गाढ झोप लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. सकाळी उठला तो भुकेने. आपण भुकेले आहोत हे कळलं आणि त्याला पिंपामागे जाऊन ओकारी आली.

पुढे काही दिवस घरात कुणी त्याच्याशी बोललं नाही. आपा ताट वाढे आणि उंबऱ्यावर ठेवून आत जाई. तो बाहेर बसून खाई. कैरात कामं सांगे तीही येरलानकरवी. तोरीच्या नाकावरची जखम धरत आली. घोडा घरीच होता, हे खरं.

रविवारी भर दुपारी दोन गाड्या फाटकातून आत आल्या. दाउलेतचा मोठा काका सेयिलखान उतरला. ठेंगणा, सत्तरीचा, डोक्यावर टोपी. त्याच्याबरोबर दोन दांडगे पुतणे. मागच्या गाडीत दाउलेत बसला होता, जबडा तारांनी बांधलेला. खाली उतरला नाही.

शेडखाली सतरंजी घातली. चहा आला. सेयिलखानने वाटीला हात लावला नाही. तो सावकाश, खालच्या आवाजात बोलत होता. येरलान त्र्यंबकच्या कानाशी इंग्रजीत सांगत होता.

"म्हणतो, आमच्या पोराला तुमच्या अंगणात मारलं. घोड्याने नाही, माणसाने. तो माणूस कुणाचा, एवढं सांगा."

"म्हणजे?" त्र्यंबकने विचारलं.

"तुम्ही आमचे असाल तर आमच्या घराने झियेनवर हात टाकला. मग दंड द्यावा लागेल. एक घोडा आणि एक झगा. घोडा म्हणजे तोरी. दुसरा चालत नाही."

"आणि नसेन तर?"

येरलानने त्या दोन पुतण्यांकडे बघितलं. एकाने मनगटाला फडकं गुंडाळायला घेतलं होतं. "मग ते तुम्हाला घेऊन जातील. जबड्याला जबडा, बोटांना बोटं. आम्ही मध्ये पडायचं नाही."

सेयिलखानने पुन्हा विचारलं. कैरात कामचीच्या मुठीवर बोटं फिरवत होता. त्याने त्र्यंबककडे बघितलं नाही. मग तो बोलला, आणि या वेळी येरलान गप्प बसला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला..." येरलानने मान खाली घातली. "रोजंदारीचा माणूस आहे म्हणाला. अर्विंगहून आला. आमचा नाही."

त्र्यंबक उठला. त्याला राग आला नाही. खरंच तर होतं. पळायचंही मनात आलं नाही. तबेल्यापासून फाटकापर्यंत मोकळं, वाळलेलं रान. पुतणे उठले. एकाने त्याच्या दंडाला धरलं, दुसऱ्याने पोटात गुडघा घातला. तो वाकला तशी मानेवर कोपर बसलं. तोंडात माती गेली. त्यांनी त्याला पायांना धरून गाडीकडे ओढायला सुरुवात केली. तापलेल्या खडीवर पाठ सोलत होती.

"तोख्ता!"

म्हातारीचा आवाज. पुतणे थांबले.

आपा दारातून बाहेर आली. तिच्या हातात घडी घातलेला निळ्या मखमलीचा लांब झगा होता, तिच्या नवऱ्याचा. ती शेडखाली आली आणि आधी लेकाशी बोलली. चढ्या आवाजात, बोट रोखून. येरलान धावत त्र्यंबकपाशी आला आणि त्याला उठवता उठवता सांगू लागला.

"म्हणते, लीद काढायला आमचा आणि मार खायला परका? म्हणते, कैरात, काठी तू धरली नाहीस, पण उगारली तूच. मी खिडकीतून सगळं बघत होते. तू पाठीमागे हात बांधून उभा होतास."

आपा सेयिलखानकडे वळली. आता तिचा आवाज खाली आला.

"आता काय म्हणते?"

"म्हणते, हा माझा मुलगा. माझ्या घरात जेवला, माझ्या घरात झोपला. त्याने माझ्या लेकीच्या पोराला मारलं. त्याला मी माफ केलेलं नाही. पण माझा आहे."

मग तिने टाचा उंचावून तो झगा सेयिलखानच्या खांद्यांवर टाकला. म्हाताऱ्याने मान लववली. वाटी उचलली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. पुतण्यांनी त्र्यंबकला सोडलं. एकाने तर त्याच्या पाठीवरची खडी झटकली.

अंगणात तसाच राहिलेला दाउलेतचा ट्रेलर पुतण्यांनी गाडीला जोडला. तोरीला त्यात भरायला त्र्यंबकलाच सांगितलं. एका डोळ्यावर सूज आली होती, उभं राहिलं की पोटात कळ येत होती. त्याने बादलीत दाणे घेतले आणि फळीवर उलटा चालत गेला. घोडा वास घेत मागे आला. आत गेला. त्र्यंबकने त्याच्या नाकावरच्या खपलीला हात लावला, आडणा घातला आणि खाली उतरला. गाडीच्या काचेतून दाउलेत त्याच्याकडे बघत होता. दोघांपैकी कुणीच नजर काढली नाही. गाड्या गेल्या. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

कैरात फाटक लावून परत आला. त्र्यंबक रिकाम्या ठाणाशी उभा होता.

"मी जातो," त्र्यंबक म्हणाला. "निमिषला फोन करतो. घ्यायला येईल."

"कुठे जातोस?"

"घरी."

कैरातने कामची उचलली आणि त्याच्या खांद्यावर मारली. पूर्ण ताकदीने. त्र्यंबक आडव्या लाकडावर आपटला. त्याला काही कळायच्या आत दुसरा फटका पाठीवर बसला, सोललेल्या जागेवरच.

"एवढं मारायला सांगितलं होतं का तुला? हं? सांगितलं होतं का?" कैरातच्या तोंडाला फेस आला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "घोडा घालवलास! घर घालवलंस!"

"तू सांगितलंस!" त्र्यंबक मराठीतच ओरडला आणि त्याने कैरातची गचांडी धरली. "तूच सांगितलंस, भोसडीच्या! आणि वर माझा नाही म्हणतोस?"

ते दोघं लिदीत पडले. म्हातारी माणसं, दम लागलेली, एकमेकांचे सदरे फाडत. कैरातने त्याच्या कानाखाली ठोसा मारला. त्र्यंबकने त्याच्या दंडाला चावा घेतला. मग त्र्यंबकचा जोर एकदम सरला आणि त्याच्या घशातून एक आवाज निघाला. आधी त्यालाच कळेना कसला. तो रडत होता. कैरातच्या छातीवर डोकं आपटत, हमसून हमसून, सुमित्रा सुमित्रा म्हणत. कैरातला शब्द कळला नसेल. त्याने मारायला उचललेली मूठ तशीच हवेत धरली, मग उघडून त्र्यंबकच्या मानेवर ठेवली.

दारातून आपाने हाक मारली. लांबलचक, वैतागलेली.

"काय म्हणते?" त्र्यंबकने नाक पुसत विचारलं.

"जेवायला या म्हणते," कैरात धापा टाकत म्हणाला. "आत या म्हणते. दोघंही."